रंबाम, त्यांचा बुडालेला भाऊ आणि कोकण

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रंबाम, म्हणजे रब्बी मोशे बेन मैमोन, युरोपीय पुस्तकांतले मायमोनिडीस, जन्मभर परागंदा राहिले. मग ज्यू धर्मशास्त्राची एवढी मोठी संहिता लिहायला त्यांना सवड कुठून मिळाली? घर कोण चालवत होतं? आणि दुसरं, हिंदुस्थानच्या वाटेवर बुडालेला त्यांचा भाऊ दावीद हाच कोकणातल्या बेने इस्राएलींना धर्म पुन्हा शिकवणारा दावीद राहाबी, असं तुम्ही ऐकलं आहे, ते खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते ‘नाही’ कशावरून, हे पहिला प्रश्न नीट समजल्याशिवाय पटणार नाही. म्हणून आधी पहिला.

हिंदी महासागरातल्या मध्ययुगीन व्यापाराची पत्रं वाचणं आणि शिकवणं हे माझं काम. त्यामुळे रंबामांकडे मी तत्त्वज्ञानाच्या दारातून गेलोच नाही, व्यापाऱ्यांच्या पत्रांतून गेलो. त्या बाजूने पाहिलं की त्यांचं घर आधी दिसतं आणि ग्रंथ नंतर. घर धाकटा भाऊ चालवत होता. एवढंच नव्हे, अशी व्यवस्था धर्माला मान्य आहे का, याचा निवाडाही थोरल्या भावाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. त्यांच्या चरित्रकथांत हा धागा बहुधा एका वाक्यात उरकला जातो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

घराणं न्यायाधीशांचं. मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या मौखिक कायद्याचा जुना संग्रह; त्यावरच्या आपल्या भाष्याच्या अखेरीस रंबामांनी स्वतःचे सात पूर्वज नावांसह दिले आहेत. त्यांतले बहुतेक ‘दय्यान’, म्हणजे धार्मिक न्यायालयाचे न्यायाधीश. वडील मैमोन स्पेनमधल्या कोर्दोबाचे दय्यान होते आणि लुसेनाच्या योसेफ इब्न मिगाश या नामांकित पंडिताचे शिष्य. रंबामांचा जन्म ११३५ चा असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळेल. पण भाष्य संपलं त्या वर्षी, म्हणजे ११६७-६८ मध्ये, आपण तीस वर्षांचे होतो असं ते स्वतः लिहितात. त्या हिशेबाने ११३८ जवळचं वाटतं, आणि माणसाच्या स्वतःच्या शब्दापेक्षा मागाहूनच्या परंपरेला जास्त वजन द्यायचं मला कारण दिसत नाही.

११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अल-मोहद सत्तेने कोर्दोबा घेतलं. ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेने जिझिया भरावा आणि आपला धर्म पाळावा, ही जुनी इस्लामी व्यवस्था त्यांनी मोडीत काढली. धर्म बदला किंवा चालते व्हा, असा मामला. पोराचं वय दहाच्या आसपास. पुढची बारा-एक वर्षं हे कुटुंब अंदालुसियात, म्हणजे मुसलमानी अमलातल्या स्पेनात, या गावाहून त्या गावाला हिंडत राहिलं आणि ११६० च्या सुमारास मोरोक्कोतल्या फेझला गेलं. फेझ तर त्याच अल-मोहदांच्या मुलखात होतं. आगीतून निघून फुफाट्यात जाण्याचा हा निर्णय वडिलांनी का घेतला, यावर अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले आहेत. मला सगळ्यांत साधा तर्क पटतो: मोठ्या शहरात अनोळखी माणूस सहज खपून जातो.

फेझच्या काळाशी एक पत्र जोडलं जातं, सक्तीच्या धर्मांतराबद्दलचं. कोणा पंडिताने फतवा दिला होता की, तलवारीच्या धाकाने का होईना, ज्याने इस्लामचा कलमा उच्चारला तो ज्यू राहिला नाही, त्याच्या चोरून केलेल्या प्रार्थनेलाही किंमत नाही. पत्रातलं उत्तर वकिली थाटाचं आहे. आधीच्या काळातल्या छळात कृती करायला लावत, इथे नुसते शब्द उच्चारायला लावतात. या दोहोंत फरक आहे. असे लोक पापी असतील, पण समाजाबाहेरचे नाहीत, त्यांनी केलेलं प्रत्येक सत्कर्म जमेस धरलं जाईल. मात्र एक बजावणी: अशा जागी राहायचं नाही, मिळेल त्या पहिल्या वाटेने निघायचं. हे पत्र खरोखर त्यांचंच का, यावर वाद आहे. लिहिणाऱ्याने स्वतः कलमा उच्चारला होता का, यावर तर त्याहून मोठा. अल-किफ्ती हा पुढच्या पिढीतला मुसलमान चरित्रकार ‘हो’ म्हणतो, आणि त्याची रंबामांच्या आवडत्या शिष्याशी अलेप्पोत मैत्री होती, त्यामुळे त्याचं म्हणणं सहज झटकून टाकता येत नाही. माझा कौल विचाराल तर बाहेरून मुसलमान म्हणून वावरल्याशिवाय फेझमध्ये इतकी वर्षं निभली नसती.

११६५ मध्ये ते निघाले. हा प्रवास त्यांच्या स्वतःच्या टिपणामुळे तारखांसकट ठाऊक आहे. ज्यू पंचांगातल्या इय्यार महिन्याच्या ४ तारखेला जहाजावर चढले, १० तारखेला समुद्र इतका खवळला की सगळे बुडणार असं वाटलं. तेव्हा त्यांनी नवस केला: दरवर्षी या दोन्ही दिवशी घरच्या सगळ्यांसह उपास करीन, मुलानातवंडांनाही करायला सांगेन, आणि १० तारखेला कोणा माणसाचं तोंड न पाहता एकटा प्रार्थनेत राहीन. पुढच्या सिवान महिन्याच्या ३ तारखेला पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर अक्कोला उतरले आणि लिहिलं की सक्तीच्या धर्मांतरातून सुटलो. शरद ऋतूत जोखीम पत्करून ते जेरुसलेमला गेले, मग हेब्रोनला पूर्वजांच्या समाध्यांवर. ते दिवस त्यांनी सणाचे ठरवले. तर्काचा एवढा कडवा पुरस्कर्ता, पण घरासाठी व्रतवैकल्यांचं स्वतःचं पंचांग बांधून ठेवणारा. मला ही दोन रूपं विसंगत वाटत नाहीत.

पॅलेस्टाईन तेव्हा क्रूसवाल्यांच्या ताब्यात होतं, ज्यू वस्ती विरळ आणि गरीब. तिथे बूड टेकवणं शक्य नव्हतं. कुटुंब इजिप्तला गेलं आणि नाईलकाठच्या फुस्तातमध्ये, म्हणजे जुन्या कैरोत, स्थिरावलं. वडील याच काळात वारले. आणि आता विलक्षण गोष्ट पाहा. रंबामांच्याच संहितेत, राजांविषयीच्या नियमांत, स्पष्ट लिहिलं आहे की ज्यूने पृथ्वीवर कुठेही राहावं, फक्त इजिप्तमध्ये कायमचं राहू नये. व्यापारासाठी जाऊन यायला हरकत नाही, मुक्काम करायला मनाई. हे लिहिणारा माणूस इजिप्तमध्ये जवळजवळ चार दशकं राहिला आणि तिथेच वारला. चौदाव्या शतकातल्या एका प्रवासी पंडिताने अशी आख्यायिका नोंदवली आहे की रंबाम पत्राखाली सही करताना आपण रोज हे पाप करतो असं लिहीत. त्यांच्या हातचे जे कागद आज आपल्यापाशी आहेत, त्यांत असली सही दिसत नाही. तिथे साधं ‘मोशे बेन मैमोन’ असतं, कुठे कुठे पुढे ‘स्फारादी’, म्हणजे स्पेनवाला. कोर्दोबा सुटून एक जन्म लोटला, पण ओळख तीच राहिली.

हे कागद आपल्यापाशी कसे, हेही सांगायला हवं. देवाचं नाव ज्यावर आलं तो कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, ही ज्यू रीत. फुस्तातच्या बेन एझ्रा प्रार्थनालयात अशा कागदांसाठी एक कोठी होती, तिला गेनिझा म्हणतात. शतकानुशतकं तिथे धर्मग्रंथांच्या पानांबरोबर बाजारभाव, करारनामे, लग्नाच्या याद्या, भावाबहिणींची पत्रं सगळं टाकलं गेलं. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टरने त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. म्हणून आज आपण या घरातली खासगी पत्रं वाचू शकतो. त्या काळच्या दुसऱ्या कोणा पंडिताच्या घरात इतकं डोकावता येत नाही.

इजिप्तमध्ये परक्या माणसाला समाजात जागा कशी मिळाली? ११६८ च्या अखेरीस जेरुसलेमच्या आमालरिक राजाने बिलबैस हे शहर लुटलं आणि तिथले ज्यू कैद करून नेले. त्यांना सोडवायला पैसे गोळा करण्याच्या मोहिमेत रंबाम पुढे होते. त्यांच्या नावाची आवाहनपत्रं गावोगाव फिरली. कैद्यांना सोडवण्याहून मोठं पुण्यकर्म नाही, असं त्यांनी पुढे संहितेत लिहिलं. ते लिहिण्याआधी वर्गणीसाठी दारोदार पत्रं धाडून झाली होती. थोड्याच वर्षांत, फातिमी खिलाफत संपून सलाहुद्दीनचा अंमल सुरू होताना, ते काही काळ इजिप्तच्या ज्यूंचे प्रमुखही झाले.

आता घराच्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

धर्मविद्येचा पैसा घ्यायचा नाही, हे त्यांचं मत दगडासारखं होतं. संहितेत ते लिहितात की, मी काम न करता तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, अभ्यासत बसेन आणि दानावर जगेन असं ज्याने ठरवलं, त्याने देवाच्या नावाला बट्टा लावला. त्या काळी बगदादपासून इजिप्तपर्यंत विद्यापीठांचे प्रमुख समाजाकडून वर्गण्या घेत, न्यायाधीशांना समाजाकडून काही ना काही मिळे. त्यामुळे हे मत बऱ्याच मोठ्या माणसांना झोंबणारं होतं. मिश्नातल्या ‘आवोत’ या भागावरचं भाष्य लिहिताना त्यांनी यावर मोठं टिपण लिहिलं. हे लिहिणं अनेकांना आवडणार नाही, हे कळत असूनही आपण लिहितो, असंही तिथे बजावलं. प्राचीन काळचा थोर पंडित हिल्लेल मोलमजुरी करून शिकला, असे दाखले दिले. पण त्याच टिपणात एक सवलत ठेवली आहे: विद्वानाने आपला पैसा एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती द्यावा, त्याने राजीखुशीने त्याच्या वतीने व्यापार करावा, नफा विद्वानाला द्यावा, हे चालतं, आणि तसं करणाऱ्याला मोठं पुण्य लागतं.

हे भाष्य ११६८ मध्ये पुरं झालं. त्याचा काही भाग रस्त्यात, काही जहाजावर लिहिला, चुका राहिल्या असतील तर त्या परागंदेपणामुळे समजून घ्या, असं ते शेवटी म्हणतात. त्याच काळात घरात काय चाललं होतं? धाकटा भाऊ दावीद रत्नांचा व्यापार करत होता, त्यात थोरल्याचा पैसा गुंतलेला होता, आणि थोरला लिहीत बसला होता. म्हणजे ती सवलत हवेत लिहिलेली नाही. ती या घराची रीत आहे. कोणी म्हणेल, स्वतःच्या सोयीचा कायदा केला. मला तसं वाटत नाही, कारण सवलतीचा आधार तालमूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या जुन्या चर्चाग्रंथाच्या, वचनांत आहे. पण इतक्या नियमांतून कोणता उचलून धरायचा हे पंडित ठरवतो, आणि ठरवताना त्याच्या घरची चूल त्याला दिसत असते.

पुढच्या सुमारे दहा वर्षांत १४ ग्रंथांची ‘मिश्ने तोरा’ ही संहिता झाली. शनिवारच्या विश्रांतीपासून कर्जाच्या व्याजापर्यंत आणि जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या होमहवनापासून घटस्फोटापर्यंत सगळा कायदा एका जागी, सोप्या हिब्रूत, मतमतांतरांची गर्दी वगळून. आधार कुठला ते दिलेलं नाही, म्हणून प्रोव्हान्सच्या रब्बी अब्राहाम बेन दावीदने कडक टिपणं लिहिली. ती टीका बऱ्याच अंशी रास्त होती. आधार द्यायला हवे होते, अशी रुखरुख रंबामांनीही नंतर अलेक्झांड्रियाच्या न्यायाधीशाला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली.

आता दावीदचं पत्र. ते गेनिझात सापडलं, आज केंब्रिजमध्ये आहे, काळ ११७० च्या आसपासचा. पत्र ऐझाबहून, म्हणजे तांबड्या समुद्रावरच्या, आजच्या इजिप्त-सुदान सीमेजवळच्या बंदरातून. हिंदुस्थानच्या व्यापाराचा तो ठरलेला रस्ता: नाईलमधून वर कूसपर्यंत होडीने, तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून ऐझाब, पुढे जहाजाने एडन, आणि मग मोसमी वाऱ्यावर आपला किनारा. दावीद आणि त्याचा एक सोबती काफिल्याला न थांबता दोघेच वाळवंटात शिरले. हा वेडेपणा होता, हे तो स्वतः कबूल करतो. दोघे सुखरूप पोहोचले. ऐझाबच्या वेशीपाशी सामान उतरवत असतानाच मागून तो काफिला आला: लोक लुटलेले, जखमी, काही जण वाटेत तहानेने मेलेले. बंदरात माल पाहावा तर निळीशिवाय घेण्याजोगं काही नाही. एवढा त्रास सोसून रिकाम्या हाताने परत कसं जायचं? त्याने ठरवलं की समुद्रापार हिंदुस्थानातच जायचं. भावाला कळवतो की ज्याने वाळवंटात तारलं तो समुद्रातही तारेल, घरातल्या बायकांना धीर दे, त्यांना घाबरवू नकोस. आणि वर मिश्नातलं वचन: होऊन गेलेल्या गोष्टीसाठी देवाला साकडं घालणं ही फुकाची प्रार्थना. थोरल्या भावाने शिकवलेलं वचन धाकटा बंदरावरून त्यालाच ऐकवतो आहे. या धंद्यातली पत्रं मी पुष्कळ वाचली आहेत. बहुतेकांत मिरी, सुपारी, पितळेची भांडी आणि उधारीची कटकट असते. असं पत्र क्वचित मिळतं.

भागीदारीच्या नियमांत संहिता काय म्हणते ते याच्या शेजारी ठेवून वाचा. भागीदाराने त्या मालाच्या बाबतीत मुलखाची जी रीत असेल ती मोडू नये. परवानगीशिवाय एकाने उधारीवर माल विकला, समुद्रावर गेला किंवा दुसऱ्या गावाला गेला, तर तोटा त्याचा एकट्याचा, नफा मात्र दोघांत. दावीदला घरून हिंदुस्थानची परवानगी होती असं पत्राच्या सुरावरून वाटत नाही. हा नियम भावावरून सुचला असं मी मुळीच म्हणत नाही, तो बराच जुना आहे. पण तो संहितेत उतरवून घेताना ‘समुद्रावर गेला’ या शब्दांवर लेखणी क्षणभर अडखळली नसेल, असं मानणंही जड जातं.

दावीद पुढे हिंदी महासागरात बुडाला. ऐझाबचं पत्र आणि बुडणं ही एकाच सफरीची गोष्ट म्हणून सर्रास सांगतात. रंबामांनी अक्कोच्या याफेत या न्यायाधीशाला ११८५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात दुर्घटनेला आठेक वर्षं झाल्याचं म्हटलं आहे. त्या हिशेबाने मृत्यू ११७७ च्या जवळ जातो, आणि पत्र व मृत्यू यांत काही वर्षं निघतात. दावीद एकदा जाऊन परत आला असेल आणि नंतरच्या फेरीत गेला असेल, हेच मला अधिक संभवनीय वाटतं. या धंद्यात माणसं पुन्हा पुन्हा जात.

याफेतला लिहिलेलं ते पत्र मूळ तक्रारीला उत्तर आहे. तुम्ही आमची विचारपूस करत नाही, असा त्याचा रुसवा होता. उत्तरात रंबाम एकेक संकट मोजतात: वडिलांचा मृत्यू, आजारपणं, पैशाचं नुकसान, जिवावर उठलेले चुगलखोर. आणि मग सगळ्यांत मोठं, भाऊ. त्याच्यापाशी माझा, त्याचा आणि लोकांचा पुष्कळ पैसा होता; मागे त्याची विधवा आणि लहान मुलगी माझ्याकडे ठेवून गेला. बातमी आल्यापासून वर्षभर मी तापाने, गळवांनी, सुन्न होऊन अंथरुणात होतो. तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ, माझा शिष्य; तो बाजारात कमवत होता आणि मी निर्धास्त बसलो होतो. त्याचं अक्षर किंवा त्याचं एखादं पुस्तक दिसलं की जीव कासावीस होतो. विद्वान माणसं शोकात ग्रंथांतली वचनं उद्धृत करतात, रंबामही करतात. पण हिशेब असा सरळ मांडणारे थोडे: तो कमवत होता, मी बसलो होतो.

विधवेचा प्रश्न निव्वळ भावनेचा नव्हता. ज्यू कायद्यात ‘किनारा न दिसणाऱ्या पाण्यात’ बुडालेल्या माणसाची बायको, मृत्यूचा पुरावा नसेल तर, पुन्हा लग्न करू शकत नाही; न जाणो, दूरवर कुठे बाहेर निघाला असेल. तिने लग्न करूनच टाकलं तर मोडायचं नाही, पण आधी परवानगी द्यायची नाही. हा नियम रंबामांच्या संहितेतही असाच आहे. याच धास्तीने हिंदुस्थानला निघणारे कित्येक व्यापारी घरातून निघतानाच सशर्त घटस्फोटाचा कागद लिहून ठेवत: अमुक मुदतीत परतलो नाही तर बायको मोकळी. गेनिझात असे कागद आहेत. फुस्तातच्या न्यायालयात बसणाऱ्याला हा कायदा पुस्तकातून शिकावा लागत नसे.

भाऊ गेला आणि सवलतीचा आधारच गेला. विद्येचा पैसा घेणार नाही हे मत बदललं नाही. उरला तो वैद्यकीचा धंदा, जो त्यांना आधीपासून येत होता. सलाहुद्दीनचा वजीर अल-कादी अल-फादिल याने त्यांना तनखा बांधून दिला. ते खुद्द सलाहुद्दीनचे वैद्य होते असं लोक सांगतात. पक्का दुवा वजिराशी आणि पुढे सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफदल याच्याशी आहे. ११९९ मध्ये आपल्या भाषांतरकाराला लिहिलेल्या पत्रात दिवसाचं वर्णन आहे. राहणं फुस्तातमध्ये, दरबार दीडेक मैलावर कैरोत. रोज सकाळी दरबारात हजेरी. दुपारी उपाशी परतावं तर ओसरी माणसांनी भरलेली, ज्यू, मुसलमान, मोठे, लहान. जनावरावरून उतरून, हात धुऊन, दोन घास खाऊन येतो म्हणून त्यांची क्षमा मागायची. दिवसातलं तेवढंच जेवण. मग रात्र होईपर्यंत रोगी, शेवटी शेवटी उताणं पडून औषध सांगायचं. तुम्ही भेटायला आलात तरी बोलायला तासभर मिळणार नाही, असं ते कळवतात. भाऊ असतानाच्या आणि नंतरच्या आयुष्यातला फरक या एका पत्रात पुरता दिसतो.

घरातल्या इतरांविषयी थोडक्यात. लग्न इजिप्तमध्ये, मिशाएल हालेवी यांच्या मातब्बर कुटुंबातल्या मुलीशी. कागदांत तिच्या बापाची, भावाची नावं येतात, तिचं येत नाही. तिचा भाऊ अबुल-मआली हा अल-अफदलच्या आईचा चिटणीस होता आणि रंबामांची एक बहीण त्याला दिली होती. म्हणजे साटंलोटं. परक्या मुलखात पाय रोवायचा तो उपाय आपल्याकडे नवा नाही. मिर्याम या बहिणीचं एक पत्रही सापडलं आहे: मुलाची खबर नाही, पत्र नाही, जीव टांगणीला लागला आहे, भावा, शोध घे. त्यात धर्मशास्त्र काही नाही, आईची तगमग तेवढी आहे. एकुलता मुलगा अब्राहाम ११८६ मध्ये झाला, तेव्हा रंबाम पन्नाशीकडे झुकले होते. संसारात मला दोनच सुखं, अभ्यास आणि हा मुलगा, असं त्यांनी शिष्याला लिहिलं. १३ डिसेंबर १२०४ ला रंबाम वारले असं मानतात. अब्राहाम अठरा वर्षांचा असताना समाजाचा प्रमुख झाला. तोही दरबारी वैद्य. १२३० च्या दशकात कैरोच्या इस्पितळात त्याच्यासोबत काम केलेल्या इब्न अबी उसैबिआने त्याचं उंच, सडपातळ, मृदुभाषी असं वर्णन केलं आहे. त्याच्यामागे मुलगा दावीद, मग अब्राहाम, योशुआ आणि पुन्हा एक दावीद, असं प्रमुखपद चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याच घरात राहिलं. मुलाने नातवाला बुडालेल्या काकाचं नाव दिलं, हे लक्षात आलं असेलच.

फेझचं भूत मात्र उतारवयातही पाठीस लागलं. अल-किफ्ती सांगतो की अंदालुसियातला एक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचा पंडित, इजिप्तला आला, त्याने रंबामांना ओळखलं आणि हा मुसलमान होऊन पुन्हा ज्यू झाला अशी फिर्याद केली. गुन्हा देहदंडाचा. अल-कादी अल-फादिलने निवाडा दिला की बळजबरीने पत्करलेला इस्लाम कायद्याने इस्लामच नव्हे, मग धर्मत्याग कसला? फेझच्या पत्रात ज्यू कायद्याच्या अंगाने जे सांगितलं होतं, तेच इथे इस्लामी कायद्याच्या अंगाने त्यांच्या उपयोगी पडलं.

आता राहाबी. बेने इस्राएलींची आठवण अशी: पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. पुढे दावीद राहाबी आला, त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी खवले-पंखवाले तेवढे निवडले, त्यावरून त्याने ओळखलं की हे ज्यू. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तिघे शिकवून काझी नेमले. हा काळ कोणी दहाव्या-अकराव्या शतकात नेतात, कोणी पंधराव्या, कोणी अठराव्या. रंबामांच्या भावाशी त्याची सांगड घालणारेही आहेत. आकर्षण समजतं: नाव दावीद, वाट हिंदुस्थानची, आणि ठाणं, चौल ही बंदरं अरबी लिखाणात आधीपासून आलेली.

पण भाऊ बुडाला, हे खुद्द थोरला भाऊ लिहितो, आणि त्या शोकात कोकणात कोणाला शिकवल्याचं अवाक्षर नाही. हे घराणं स्वतःला स्पेनवालं म्हणवत होतं. राहाबी म्हणजे बहुधा फुरात नदीकाठच्या राहबाचा. आणि सगळ्यांत वजनदार पुरावा रंबामांचाच: ११९९-१२०० च्या सुमारास दक्षिण फ्रान्सच्या ल्युनेलच्या पंडितांना ते लिहितात की हिंदुस्थानातल्या ज्यूंना लिखित तोरा ठाऊक नाही, धर्म म्हणून ते शनिवार पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच. भावाने तिथे तीन काझी नेमले असते तर हे वाक्य असं झालं नसतं.

गंमत म्हणजे हे वाक्य बेने इस्राएलींविषयीचा सर्वांत जुना उल्लेख असावा असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तसं वाटतं. त्याच शतकात तुदेलाच्या बेंजामिन या ज्यू प्रवाशाने मलबारच्या ज्यूंविषयी लिहिलं की त्यांना तोरा आणि थोडा तालमूदही येतो. म्हणजे रंबामांचं वर्णन कोल्लमकडच्यांना लागू पडत नाही. ते कोकणाला पडतं. १७६८ मध्ये कोचीनचा व्यापारी एझेकिएल राहाबी हॉलंडला कळवतो की मराठ्यांच्या मुलखात बेने इस्राएल नावाचे लोक आहेत, तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, आणि शेमा प्रार्थना व शनिवार यांपलीकडे त्यांना धर्माचं काही ठाऊक नाही. साडेपाचशे वर्षांच्या अंतराने जवळजवळ तेच वर्णन. दावीद राहाबीचा शोध घ्यायचा तर या कोचीनच्या राहाबी घराण्यात घ्यावा; एझेकिएलचा एक मुलगा दावीदच होता. दंतकथेत जुन्या कोणा व्यापाऱ्याची आठवण मिसळली असेलही. पण फुस्तातच्या त्या दावीदला कोकणात उतरवायचं तर त्याच्या भावाचं पत्र खोटं ठरवावं लागेल, आणि तसं करायला माझ्यापाशी एकही कागद नाही.